तलावातले पाणी उडून किती जाते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उन्हाळा आला की धरणांच्या साठ्याविषयी पत्रे वाढतात. या वेळी बहुतेक पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरत होती: साठ्याचा हिशेब लागत नाही, आणि न लागलेला भाग ‘बाष्पीभवन’ म्हणून लिहून टाकला जातो. त्यातली काही पत्रे थोडी आवरून पुढे दिली आहेत.

प्रश्न : मुंबईच्या सात तलावांचा साठा रोज वर्तमानपत्रात येतो. पालिका दिवसाला साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवते, पण मे महिन्यात साठ्यातली घट काही दिवस त्याहून बरीच जास्त दिसते. हा सगळा फरक बाष्पीभवनाचा का? (मुलुंड)

उत्तर : सगळा नाही. यासाठी एक आकडा पाठ असू द्या. १ चौरस किलोमीटर पाण्यावरून १ मिमी पाणी उडाले की १ दशलक्ष लिटर पाणी गेले. मेमध्ये मुंबईजवळच्या तलावांवर रोजचे ५ मिमी धरले, तर दर चौरस किलोमीटरमागे ५ दशलक्ष लिटर जातात. शहराच्या एका दिवसाच्या पुरवठ्याइतके पाणी उडायला जवळपास ७८० चौरस किलोमीटर पाणपसारा लागेल. आपले सातही तलाव मिळून त्याच्या जवळपाससुद्धा जात नाहीत. ते डोंगरांच्या कुशीत असल्याने त्यांची खोली जास्त आणि पसारा कमी आहे. पैठणचे जायकवाडी याच्या उलट, उथळ आणि पसरट. पूर्ण भरल्यावर त्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. नोव्हेंबरमध्ये ते भरलेले असताना रोजचे ४ मिमीच धरले तरी १,४०० दशलक्ष लिटर पाणी दिवसाला हवेत जाते.

मग फरक कुठून येतो? भातसा आणि अप्पर वैतरणा ही धरणे राज्याच्या जलसंपदा विभागाची आहेत. भातसाचे पाणी मुंबईखेरीज शेतीलाही सोडले जाते. कालव्याचे आवर्तन सुरू झाले की साठा झपाट्याने उतरतो आणि त्याचा मुंबईच्या पुरवठ्याशी काही संबंध नसतो. शहरातल्या जलवाहिन्यांची गळती मात्र या फरकात धरू नका, कारण ते पाणी तलावातून आधीच उचललेले आणि मोजलेले असते.

बातमीतल्या पातळ्या वाचताना एक काळजी घ्या. विहार ८०.१२ मीटर, तुळशी १३९.१७ मीटर या पूर्ण भरल्याच्या पातळ्या टाऊन हॉल डेटम या मुंबईच्या स्थानिक शून्य-पातळीपासून मोजून दिलेल्या असतात. त्या समुद्रसपाटीपासूनच्या उंच्या नव्हेत. उपग्रहाच्या किंवा मोबाइलच्या उंचीशी त्यांची तुलना केली तर काही मीटर नव्हे, वीसहून जास्त मीटरची तफावत दिसेल आणि ती खोटी असेल.

प्रश्न : मुरबाड तालुक्यातल्या एका लघु पाटबंधारे तलावाचा महिनावार पाण्याचा ताळेबंद करायचा आहे. तलावावर जाळीचे बाष्पीभवन पात्र आहे, पण त्याचे आकडे कधी शून्य, कधी १५ मिमी असे उड्या मारतात. नेमके कसे मोजावे? (ठाणे)

उत्तर : आकडे उड्या मारत असतील तर आधी पात्राकडे पाहा, सूत्राकडे नंतर.

भारतीय मानकाचे पात्र १.२२ मीटर व्यासाचे, २५ सेंमीच्या आसपास खोल, तांब्याच्या पत्र्याचे असते. ते आतून कल्हई केलेले, बाहेरून पांढरे रंगवलेले आणि वर षटकोनी जाळी घातलेले असते. ते १० सेंमी उंच लाकडी चौकटीवर, खालून वारा खेळेल असे ठेवायचे. सिमेंटच्या ओट्यावर टेकवले की ओटा दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता पात्राला देत राहतो, त्यामुळे आकडा वाढतो. पत्र्याची शेड, झाड किंवा पंपघर यांपासून त्यांच्या उंचीच्या निदान चौपट अंतरावर पात्र हवे. आत, लाटा शमवणाऱ्या नळीत एक टोकदार खूण असते. पाणी रोज त्या टोकापर्यंत आणायचे आणि त्यासाठी किती पाणी घातले ते मोजायचे, एवढीच मूळ पद्धत. पात्राचे क्षेत्रफळ १.१७ चौरस मीटर असते, म्हणजे १ मिमीसाठी १.१७ लिटर पाणी लागते. सोबतचे पितळी मोजपात्र हरवले असेल तर लिटरच्या मापानेही काम भागते: घातलेल्या लिटरना १.१७ ने भागा, मिलिमीटर मिळतात.

पाऊस पडला असेल तर शेजारच्या पर्जन्यमापकाचा आकडा त्यात धरायचा. १२ मिमी पाऊस पडला आणि खुणेवर आणण्यासाठी ८ मिमीइतके पाणी काढावे लागले, तर बाष्पीभवन ४ मिमी. तुमचे शून्य बहुधा इथून येते. मुसळधार सरीत पात्रातले पाणी उसळून बाहेर गेले तर आकडा फुगतो, पण कधी पर्जन्यमापकापेक्षा पात्रात जास्त पाऊस पडतो. मग उत्तर उणे येते आणि नोंद करणारा तिथे शून्य लिहितो. असा दिवस शून्य न धरता ‘नोंद नाही’ म्हणून सोडा आणि आजूबाजूच्या दिवसांच्या सरासरीने भरून काढा. दुसरी चूक तारखेची. सकाळी ८.३० ला वाचलेला आकडा आदल्या २४ तासांचा असतो. पाऊस एका तारखेला आणि पात्राची नोंद दुसऱ्या तारखेला चढली की एक दिवस १५ मिमी आणि दुसरा दिवस उणे, असा तोच खेळ पुन्हा दिसतो. दोन्ही वहीत एकाच ओळीत लिहिले तर हे टळते.

पंधरा मिमीचे दुसरे कारण म्हणजे तहानलेली जनावरे. जाळी फाटली असेल तर कावळे, माकडे, शेळ्या पाणी पितात. पात्राला बारीक भोक पडले असेल तर आकडा रोज सारख्याच फरकाने चढा राहतो. ते तपासायला संध्याकाळी पात्रावर प्लॅस्टिक घट्ट बांधा आणि सकाळी पातळी पाहा. ती उतरली असेल तर सोल्डरिंग करून घ्या. याच्या उलट, पाण्यावर तेलकट साय असेल (हात बुडवल्याने, धुळीने, डिझेलच्या थेंबाने) तर बाष्पीभवन कमी दिसते. शेवाळ धरले की पाण्याचा रंग आणि तापमान दोन्ही बदलते. पंधरवड्याला पात्र रिकामे करून घासा, आणि बाहेरचा पांढरा रंग पोपडे धरण्याआधी नव्याने द्या. गंजलेला तपकिरी पत्रा ऊन जास्त शोषतो.

आता महिन्याचा हिशेब. समजा एप्रिलमध्ये पात्रातून २४० मिमी पाणी उडाले. पात्रातल्यापेक्षा तलावातून कमी पाणी उडते, म्हणून त्याला ०.८ या पात्र-गुणांकाने गुणा, तलावाचे १९२ मिमी झाले. महिन्याच्या सुरुवातीला तलावाचा पसारा ४२ हेक्टर आणि अखेरीस ३६ हेक्टर असेल तर सरासरी ३९ हेक्टर. १ हेक्टरवर १ मिमी म्हणजे १० घनमीटर, म्हणून १९२ × ३९ × १० = ७४,८८० घनमीटर, म्हणजे ०.०७५ दलघमी (दशलक्ष घनमीटर). याच जागी कुणी पूर्ण संचय पातळीचा पसारा धरला, समजा ८० हेक्टर, तर उत्तर १,५३,६०० घनमीटर येते. नुकसान दुपटीहून जास्त फुगले, आणि पात्राची एकही नोंद चुकीची नव्हती. ताळेबंदात सगळ्यात मोठी चूक होते ती इथे, मिलिमीटरमध्ये नाही.

कोणत्या पातळीला किती पसारा आणि किती साठा हे सांगणारा क्षेत्र-क्षमता तक्ताही डोळे झाकून वापरू नका. तो तलाव बांधतानाचा असतो. नाल्याच्या तोंडाशी गाळ साचून तिथली उथळ जागा भरून येते, त्यामुळे खालच्या पातळीला खरा पसारा तक्त्यापेक्षा कमी असतो. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे मोफत मिळतात. त्यांचा एक ठिपका १० मीटरचा असतो आणि उन्हाळ्यात आकाश निरभ्र असताना दर पाच दिवसांनी नवे चित्र मिळते. ज्या दिवशी गेज (पातळीची पट्टी) वाचले त्याच दिवसाचे चित्र घेऊन पाण्याचा काठ आखा, आणि तीन-चार पातळ्यांना असे केले की तक्ता तपासून होतो. काठावर अर्ध्या ठिपक्याची चूक होणारच. परीघ ३ किलोमीटर असेल तर ५ मीटरच्या चुकीने दीड हेक्टर इकडे-तिकडे होते. ३९ हेक्टरला ही चूक चार टक्क्यांच्या आत आहे आणि ती चालण्यासारखी आहे.

प्रश्न : पात्राचा गुणांक कुणी ०.७ सांगते, कुणी ०.८. बरोबर कोणता? (बोरिवली)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, पात्रे वेगळी आहेत. ०.७ हा अमेरिकी ‘क्लास ए’ पात्राचा, त्यावर जाळी नसते. आपल्या पात्रावर जाळी असते. ती ऊन आणि वारा थोडा अडवते, म्हणून पात्रातले बाष्पीभवन मुळातच कमी होते आणि गुणांक ०.८ घ्यावा लागतो. जाळीच्या पात्राला ०.७ लावला तर तलावाचे नुकसान आठव्या हिश्शाने कमी दिसते.

हे दोन्ही वार्षिक सरासरीचे आकडे आहेत. जाळीच्या पात्राचा गुणांक प्रत्यक्षात साधारण ०.६५ पासून १.१० पर्यंत हलतो. पात्रातले पाणी सकाळच्या उन्हात तापते, रात्री निवते. खोल धरणाचे पाणी मात्र फेब्रुवारी ते मे तापत राहते. त्या काळात आलेल्या उन्हाचा काही भाग पाणी उडवण्याऐवजी पाणी तापवण्यात जातो, म्हणून गुणांक उतरतो. पावसाळा संपल्यावर साठलेली उष्णता बाहेर पडते आणि गुणांक चढतो. चार-पाच मीटर खोलीच्या लघु तलावाला वार्षिक गुणांक महिन्याला वापरला तरी फारसे बिघडत नाही. भातसासारख्या खोल जलाशयाला तो एकेका महिन्याला लावणे आम्हांला पटत नाही. तिथे वर्षाचा आकडा काढावा, महिन्यांच्या आकड्यांवर फार भार टाकू नये.

प्रश्न : आमच्या पाणी वापर संस्थेला दर वर्षी सांगतात की तलावातले अमुक पाणी बाष्पीभवनात गेले. आम्हांला शंका आहे की बरेच पाणी पाझरते किंवा चोरीला जाते. शेतकऱ्यांना स्वतः हे वेगळे काढता येईल का? (शहापूर)

उत्तर : येईल. त्यासाठी चिकाटी हवी, महागडे यंत्र नको. हे काम प्रत्येक संस्थेने करावे असे आम्हांला मनापासून वाटते, कारण बाष्पीभवनाला कुणी जबाबदार नसते आणि गळती, उपसा यांना असते. या दोन गोष्टी एकाच रकान्यात जाता कामा नयेत.

नोव्हेंबर ते मे या काळात असे दिवस निवडा की विमोचक (तलावातून पाणी सोडण्याचे दार) पूर्ण बंद आहे, पाऊस नाही आणि नाल्यातून आवक थांबली आहे. या दिवसांत तलावाची पातळी उतरते ती फक्त बाष्पीभवन, पाझर आणि उपसा यांमुळे. अडचण अशी की रोजची घट ६ ते ९ मिमी असते आणि गेज पट्टीवर १ सेंमीच्या खुणा असतात, त्यामुळे एका दिवसाची नोंद कामाची नाही. विमोचकाच्या विहिरीच्या भिंतीला १० सेंमी व्यासाचा पीव्हीसी पाइप उभा बसवा. तो खालून बंद करून तळाशी दोन-तीन बारीक भोके पाडा. पाइपात लाटा येत नाहीत, आणि वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मिलिमीटरपर्यंत मोजता येते. वाचन सकाळी सहा ते सातच्या दरम्यान, वारा पडलेला असताना घ्या. कोकणपट्टीत दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकलले जाते. त्या वेळचा आकडा काही मिलिमीटरने फसवतो, म्हणजे जे मोजायचे त्याच्याच बरोबरीने.

विमोचक बंद असलेल्या सात ते दहा दिवसांचा एक गट करा. गटातली तलावाची सरासरी रोजची घट एका बाजूला, पात्रातले सरासरी बाष्पीभवन दुसऱ्या बाजूला. असे आठ-दहा गट जमले की आलेख कागदावर पात्राचा आकडा आडवा आणि तलावाची घट उभी मांडा. ठिपक्यांतून एक सरळ रेषा काढा. रेषेचा चढ म्हणजे तुमच्या तलावाचा स्वतःचा पात्र-गुणांक. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, म्हणजे पात्रातले बाष्पीभवन शून्य असताना जी घट उरते, ती म्हणजे पाझर आणि उपसा. समजा एका गटात पात्रात ४.५ मिमी आणि तलावात ५.८ मिमी, दुसऱ्या गटात ८.५ आणि ९.० मिमी. चढ ३.२ भागिले ४, म्हणजे ०.८. आणि ५.८ मधून ४.५ × ०.८ = ३.६ वजा केले की उरले २.२ मिमी. रोज २.२ मिमी बाष्पीभवनाखेरीज जात आहेत. पसारा ३९ हेक्टर असेल तर ते ८५८ घनमीटर झाले.

इथे एक गफलत होते आणि ती सहज लक्षात येत नाही. पाझर पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. नोव्हेंबरमध्ये तलाव भरलेला, पाझर जास्त आणि बाष्पीभवन कमी. मेमध्ये याच्या उलट. सगळे गट एकाच रेषेत कोंबले तर चढ खऱ्यापेक्षा कमी येतो आणि पाझर जास्त दिसतो. त्यामुळे तुलना जवळजवळ सारख्या पातळीच्या गटांतच करा: त्याच महिन्यातला ढगाळ, वारा नसलेला आठवडा आणि कोरडा, वाऱ्याचा आठवडा. गट कमी मिळतील, पण जे उत्तर मिळेल ते बैठकीत टिकेल.

२.२ मिमीमधला पाझर किती आणि मोटारी किती? धरणाच्या पायथ्याशी पाझराची चर असते. तिच्यावर ९० अंशाची व्ही-खाच बसवा. खाचेवर ५ सेंमी पाणी वाहत असेल तर प्रवाह सेकंदाला ०.७७ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ६७ घनमीटर. ३९ हेक्टरवर हे पाव मिमीसुद्धा होत नाही. तळातून आणि पायातून खोल जाणारे पाणी या खाचेत सापडत नाही, हे मान्य. आता काठावरची एक मोटार पाहा. सेकंदाला १० लिटर उपसणारी मोटार आठ तास चालली तर २८८ घनमीटर, म्हणजे पाऊण मिमी. अशा तीन मोटारी तुमच्या २.२ मिमीचा पूर्ण हिशेब देतात. शेतीची वीज पाळीने येते. वीज असताना आणि नसताना, अशा सकाळी आणि संध्याकाळी दोन वेळा पाइपातली पातळी वाचली, तर उपसा स्वतःहून वेगळा दिसू लागतो. दिवसा वीज येणारा आठवडा आणि रात्री वीज येणारा आठवडा यांच्या नोंदी शेजारी ठेवा. बाष्पीभवनाला वीजपुरवठ्याचे वेळापत्रक ठाऊक नसते.

प्रश्न : पात्र नसेल तर हवामानाच्या आकड्यांवरून अंदाज काढता येतो का? (दादर)

उत्तर : येतो. हाताने करण्यासारखे जुने सूत्र मेयरचे. पाण्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितका बाष्पदाब मावतो त्यातून हवेतला प्रत्यक्ष बाष्पदाब वजा करायचा, दोन्ही पाऱ्याच्या मिमीमध्ये. त्या फरकाला (१ + वाऱ्याचा वेग ÷ १६) ने गुणायचे, वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि जमिनीपासून ९ मीटर उंचीवरचा. मग मोठ्या, खोल जलाशयाला ०.३६ ने किंवा लहान, उथळ तळ्याला ०.५० ने गुणले की दिवसाचे मिमी मिळतात.

उदाहरण: पाणी २७ अंश, त्याचा बाष्पदाब २६.७. हवा ३१ अंश आणि आर्द्रता ४५ टक्के, म्हणजे ३३.७ चे ४५ टक्के, १५.२. फरक ११.५. वारा ताशी १० किमी असेल तर कंसातला आकडा १.६२५. ०.३६ × ११.५ × १.६२५ = ६.७ मिमी.

बिघडते ते आकडे निवडताना. वारा २ मीटरवर मोजला असेल तर आधी १.२४ ने गुणा. आर्द्रता फक्त सकाळची घेऊ नका. सकाळी हवा दमट असते आणि बाष्पीभवनाचा जोर दुपारी असतो, म्हणून दिवसभराची सरासरी घ्या. पाण्याच्या तापमानाऐवजी हवेचे तापमान घातले तर कोरड्या उन्हाळ्यात उत्तर बरेच फुगते: वरच्याच उदाहरणात ३३.७ घातले तर साडेदहा मिमीच्या वर जाते. शेवटचे म्हणजे वेधशाळा. सांताक्रूझ किंवा कुलाब्याचे आकडे मराठवाड्यातल्या तलावाला लावू नयेत. मुंबईत मेमध्ये उकाडा असतो, पण हवेत आधीच इतका दमटपणा असतो की पाणी उडायला वाव कमी राहतो. मराठवाड्यात तेवढ्याच तापमानाला हवा कोरडी असते आणि आकडा कितीतरी पुढे जातो.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी गच्चीवर बादलीत पाणी ठेवून रोजची घट मोजली. ती तलावासाठी सांगितलेल्या आकड्यांच्या जवळपास दुप्पट येते. चूक कुठे झाली? (डोंबिवली)

उत्तर : मोजण्यात चूक नसेल, जागा आणि भांडे चुकले आहे. गच्चीची लादी तापते, बादलीच्या भिंती उन्हाने तापून पाण्याला सर्व बाजूंनी उष्णता देतात आणि पृष्ठभाग लहान असल्याने प्रत्येक झुळूक कोरडी हवा आणून सोडते. मोठ्या तलावावरची हवा काठापासून आत जाताना दमट होत जाते, तसे बादलीवर घडत नाही. शक्य तेवढे रुंद, फिकट रंगाचे टब घ्या, लाकडी फळ्यांवर ठेवा, कडेपासून ५ सेंमी खाली पाणी भरा आणि ते ७.५ सेंमीच्या खाली जाऊ देऊ नका. खोल गेलेल्या पाण्याला भिंतीची सावली मिळते आणि वारा लागत नाही. तीन वेगवेगळ्या व्यासांची भांडी शेजारी ठेवून व्यास वाढला की घट कशी उतरते हे दाखवलेत, तर प्रकल्प बादलीच्या एका आकड्यापेक्षा कितीतरी चांगला होईल.

प्रश्न : नोकरी मुंबईत, शेती सिन्नर तालुक्यात. ३० × ३० × ३ मीटरची, प्लॅस्टिकचा कागद घातलेली दोन शेततळी आहेत. उन्हाळ्यापर्यंत किती पाणी उडेल आणि ते कमी कसे करावे? (कांजूरमार्ग)

उत्तर : काठाचा उतार एकास एक असेल तर एका तळ्याची क्षमता २,१९६ घनमीटर. हिशेबासाठी मोकळ्या पाण्याचे रोजचे बाष्पीभवन नोव्हेंबरात ४, डिसेंबर-जानेवारीत ३.५, फेब्रुवारीत ४.५, मार्चमध्ये ६, एप्रिलमध्ये ७.५ आणि मेमध्ये ८ मिमी धरू. सात महिन्यांचे १,१२२ मिमी होतात. भरलेले तळे न वापरता ठेवले तर वरचा १.१२ मीटरचा थर जातो, आणि तळे वर रुंद असल्याने तो थर ९३६ घनमीटरचा असतो, म्हणजे ४३ टक्के. इतके पाणी उडते हे कळल्यावर पुष्कळांना धक्का बसतो, पण आकडे असेच आहेत. साठवलेले पाणी लवकर वापरणे हाच पहिला उपाय आहे. मेपर्यंत राखून ठेवलेल्या पाण्याची किंमत त्यातल्या उडालेल्या पाण्यासकट धरा.

तुमच्याकडे दोन तळी असल्याचा मोठा फायदा आहे. दोन्ही अर्ध्यावर, दीड मीटर पाण्यावर आली की पाण्याचा एकूण पसारा १,४५८ चौरस मीटर असतो. दोन्हींतले पाणी मिळून १,९५३ घनमीटर, म्हणजे ते एका तळ्यात मावते. एकात ओतले की पसारा ८६७ चौरस मीटरवर येतो. बाष्पीभवन ४० टक्क्यांनी घटले. रोजचे ५ मिमी धरले तर दिवसाला जवळपास ३,००० लिटर वाचतात.

इथे बरेच जण कागद वाऱ्याने उडू नये म्हणून रिकाम्या तळ्यात फूटभर पाणी ठेवतात. तसे केले तर सगळी मेहनत वाया जाते. ३० सेंमी पाण्याचाही पसारा ६०५ चौरस मीटर असतो, आणि एकूण आकडा पुन्हा १,४४८ वर जाऊन बसतो. तळ पूर्ण रिकामा करून कागदावर वाळूच्या पिशव्या ठेवा. पिशव्या उन्हाने फाटणाऱ्या जुन्या सिमेंटच्या नकोत, आणि त्यांखाली खडा राहू देऊ नका.

पुढचे तळे खोदायचे झाले तर रुंदीपेक्षा खोली वाढवा. तेवढेच पाणी ५ मीटर खोल तळ्यात मावायला वरची बाजू २५.८ मीटर पुरते, पसारा ९०० ऐवजी ६६३ चौरस मीटर. जमीन भुसभुशीत असेल तर एकास एक उतार टिकणार नाही, तो दीडास एक करावा लागतो आणि हा फायदा कमी होतो. वाऱ्याच्या बाजूला झाडांची रांग लावायची असेल तर मुळे कागदाखाली शिरणार नाहीत इतकी लांब लावा. त्यापेक्षा बांधावर उभी शेडनेट बरी. पाण्यावर आडवी शेडनेट ताणली तर बचत जास्त होते, पण ३० मीटरच्या गाळ्यात तारा झोळ घेतात आणि वळवाच्या वादळात खांब उपटले जातात. मध्ये आधार देता येत नसेल तर ते करू नका.

प्रश्न : धरणावर तरंगते सौर पॅनल बसवले की दहा टक्के पाणी झाकून दहा टक्के बाष्पीभवन वाचते, असे सांगतात. खरे का? (वाशी)

उत्तर : तेवढे वाचत नाही. रांगांमध्ये फटी असतात, पॅनलखालून वारा वाहतो आणि आजूबाजूचे तापलेले पाणी खाली सरकते. झाकलेल्या भागात ६० ते ७० टक्के बचत धरणे सुरक्षित. एका मेगावॅटला साधारण एक हेक्टर जागा लागते. वर्षाला १.६ मीटर पाणी उडत असेल तर त्या हेक्टरवर १६,००० पैकी सुमारे १०,००० घनमीटर वाचतील.

टक्केवारी कोणत्या पसाऱ्याची आहे, हे मात्र नेहमी विचारा. पॅनलचे क्षेत्र वर्षभर तेच राहते, जलाशय आटत जातो. ऑक्टोबरातले दहा टक्के मेमध्ये वीस-पंचवीस टक्के होऊ शकतात, आणि नेमके तेव्हाच बाष्पीभवन सर्वाधिक असते. हा फायद्याचा भाग. पण त्यासाठी तराफा उन्हाळ्यातही पाण्यावरच राहील अशा खोल जागी हवा आणि नांगराचे दोर पातळी वीस मीटर उतरली तरी जुळवून घेणारे हवेत. काठाशी बसवलेले पॅनल मार्चमध्ये चिखलात बसले तर चौकटी वाकतात आणि पाणीही वाचत नाही.

पाण्यावर सीटिल अल्कोहोलचा पातळ थर देण्याविषयीही विचारले आहे. लहान, वारा न लागणाऱ्या तळ्यावर तो चालतो. मोठ्या जलाशयावर वारा तो थर एका काठाला लोटतो, आणि मात्रा सारखी देत राहावी लागते.

प्रश्न : पवईसारख्या तलावात जलपर्णीने पाणी झाकले जाते, मग बाष्पीभवन कमी होत असेल ना? (पवई)

उत्तर : नाही. जलपर्णीची पाने ऊन अडवतात, पण ती स्वतः पाणी बाहेर टाकतात. पानांचा एकूण पृष्ठभाग पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा मोठा असतो आणि ती वाऱ्यात उभी असतात. त्यामुळे नुकसान मोकळ्या पाण्याइतके किंवा त्याहून जास्त होते, विशेषतः लहान पट्ट्यांच्या कडांना. उपग्रहाच्या चित्रावरून पसारा मोजताना जलपर्णी जमिनीसारखी हिरवी दिसते आणि तलाव खऱ्यापेक्षा लहान मोजला जातो. अशा तलावात मोकळे पाणी आणि जलपर्णी यांची क्षेत्रे वेगवेगळी आखा, दोन्ही मिळवून पसारा धरा, आणि काठ पावसाळ्यानंतरच्या, जलपर्णी काढून झालेल्या एखाद्या तारखेच्या चित्रावरून पडताळून घ्या.